बारा पुड्या

सातवी पुडी एकशे एकोणचाळीस निघाली, अकरावी चौसष्ट. वर्षालीनं लॅपटॉप नूरबीकडे वळवला. पडद्यावर बारा निळे खांब होते, काही उंच, काही बुटके, आणि त्यांच्यामधून शंभराची एक लाल रेघ आडवी गेली होती. प्रत्येक खांबानं त्या रेघेच्या आसपास थांबायला हवं होतं. तीनच थांबले होते. “म्हणजे शंभर भाग औषध हवं तिथं एकीत एकशे एकोणचाळीस आणि एकीत चौसष्ट,” वर्षाली म्हणाली, आणि लगेच पुढे म्हणाली, “मॅडम, कुणीही केल्या असत्या तरी असंच आलं असतं.” नूरबीनं मान हलवली. आपण मान हलवतोय हे तिला कळलं, पण कशाला हलवतोय ते कळलं नाही. खिडकीतून निघोज्याच्या रस्त्यावर ओळीनं उभे असलेले ट्रेलर दिसत होते, त्यांच्यावर नव्याकोऱ्या गाड्या बांधलेल्या होत्या. एक ड्रायव्हर टायरच्या सावलीत बसून डबा खात होता. त्याचा घास तोंडात गेला, तो चावायला लागला, तेवढा वेळ नूरबी त्याच्याकडे बघत राहिली.

चिंचवडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डच्या औषधखिडकीत तिनं एकतीस वर्षं काढली होती. मागच्या वर्षी ती निवृत्त झाली. वर्षालीची कंपनी लहान मुलांसाठी फिटच्या औषधाच्या अगदी बारक्या गोळ्या बनवू बघत होती, आणि आत्तापर्यंत हे औषध मुलांना कसं दिलं जात होतं ते कुणीतरी करून दाखवावं, एवढ्यासाठी नूरबीला बोलावलं होतं. मंगळवारी ती आली. मोठ्या माणसांच्या तीन गोळ्या तिनं खलात टाकल्या, साखरेची पूड घातली, घोटली. मग काचेवर त्या पांढऱ्या भुकटीची लांब पट्टी केली आणि पात्यानं तिचे बारा भाग पाडले. पाव गोळीची एक पुडी. कागदाची घडी घालताना अंगठ्याचं नख आपोआप घडीवरून फिरलं. वर्षभर हे काम केलं नव्हतं तरी हात विसरला नव्हता. वर्षालीनं बाराही पुड्या काट्यावर ठेवल्या तेव्हा वजनात जेमतेम केसाचा फरक आला. “मॅडम, मशीनला लाजवाल तुम्ही,” ती म्हणाली होती. ते वाक्य नूरबीनं घरी जाऊन नवऱ्याला, इब्राहिमला, दोनदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा सांगताना जणू काही पहिल्यांदाच आठवलं असं दाखवून.

आणि आज शुक्रवारी हे खांब. वजन सारखंच होतं, हात चुकला नव्हता. चुकलं होतं ते आतलं, डोळ्याला न दिसणारं. पांढऱ्या साखरेत पांढरं औषध. साखर सारखी वाटली गेली होती, औषध नाही. “साखर मी एकदम घातली,” नूरबी म्हणाली. कॉलेजात शिकवलेलं तिला लख्ख आठवलं: जेवढं खलात आहे तेवढीच साखर घालायची, घोटायचं, मग पुन्हा तेवढीच. पहिली दोन वर्षं तिनं तसं केलंही होतं. मग खिडकीबाहेरची रांग वाढत गेली, कडेवरची मुलं रडायची, बाया कागद खिडकीच्या आत सरकवायच्या, आणि कधीतरी एका दिवशी, कुठल्या ते आता सांगता येणार नाही, तिनं साखर एकदम घातली असणार. पुड्या दिसायला तशाच झाल्या. वर्षाली म्हणाली, “थोडी थोडी घातली असतीत तर जरा सुधारलं असतं, फार नाही. शिवाय बाराही मिळून शंभरातले सहा भाग कुठंच नाहीत. खलाला, काचेला, कागदाला चिकटून गेले ते.” मग तिनं एक छापील फॉर्म पुढे केला. हे आकडे तिला कंपनीच्या अहवालात घालायचे होते, मुलांना आज काय मिळतंय ते दाखवायला. नाव येणार नव्हतं. फक्त ‘एकतीस वर्षांचा अनुभव असलेल्या फार्मासिस्टनं केलेल्या पुड्या’ एवढं. “तुमची हरकत असेल तर राहू दे,” वर्षाली म्हणाली. नूरबी म्हणाली, “घरी नेते. वाचून बघते.”

जायच्या आधी वर्षालीनं तिला त्या नव्या गोळ्या दाखवल्या. बशीत ओतल्या तेव्हा बारीक खडखड झाली. मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, कच्च्या साबुदाण्याएवढ्या, सगळ्या एकसारख्या गोल. मुलाच्या वजनाप्रमाणे दोन, चार, सहा मोजायच्या, चमचाभर मऊ भातावर किंवा दह्यावर ठेवायच्या आणि भरवायच्या. कडूपणा झाकायला वरून पातळ लेप होता. त्या लेपानं वर्षालीचं एक वर्ष खाल्लं होतं. जाड केला तर पोटात गोळी उशिरा विरघळायची, पातळ केला तर मूल तोंड वाकडं करायचं. सध्या औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या दोन-दोन वर्षांच्या मुलांना देऊन बघणं चालू होतं, डॉक्टरांच्या समोर, कुणाला ठसका लागतो का, कोण गिळतं, कोण चावतं. नूरबीनं एक गोळी बोटाच्या टोकावर घेतली. “आणि थुंकलं तर?” तिनं विचारलं. “म्हणजे?” “मूल अर्धं थुंकतं. पुडी असली की आई विचारायची, आता परत किती देऊ, आणि आम्हाला सांगता यायचं नाही. किती आत गेलं ते कुणाला कळणार? ह्या मोजता येतील. लाळेऱ्यावर दोन पडल्या तर दोनच परत द्यायच्या. ओल्या झालेल्या नकोत, नव्या. पण कागदावर लिहायला हवं तसं, आयांना कळेल असं.” वर्षालीनं वही ओढली आणि लिहून घेतलं. एरवी नूरबीला ह्याचा आनंद झाला असता.

कंपनीच्या गाडीनं मोई, चिखली करत तिला घरी सोडलं. वाटेत ती चांगल्या गोष्टी आठवायचा प्रयत्न करत होती, म्हणजे बरी झालेली मुलं, ईदला आणि दिवाळीला खिडकीत येऊन गेलेली माणसं. पण आठवत होत्या त्या तक्रारी. एवढ्या वर्षांत तक्रारी तशा थोड्याच आल्या होत्या, आणि आल्या त्या सगळ्या एकाच तऱ्हेच्या. परवाच्या पुडीनं पोर दिवसभर झोपून राहिलं. कालच्या पुडीनं काही झालंच नाही. ती हसून सांगायची की पुड्या सगळ्या एकाच खलातल्या असतात, औषध तेच असतं, मुलाची तब्येत रोज सारखी नसते. ते सांगताना तिचा आवाज कसा असायचा ते तिला आता ऐकू येत होतं. समजूत घालणारा, थोडा दमलेला, आपल्याला माहीत आहे असा आवाज. त्या बाया बरोबर सांगत होत्या. त्यांच्याजवळ कुठलंही यंत्र नव्हतं, तरी सातवी आणि अकरावी त्यांनी ओळखली होती.

घरी आल्यावर इब्राहिमनं विचारलं, “क्या हुआ? तबियत?” तिनं फॉर्म दाखवला. त्यानं चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि म्हणाला की नाव येणार नसेल तर प्रश्न काय आहे. त्याचं टायरचं दुकान होतं, चाळीस वर्षं त्यानं हवा भरली होती. हाताच्या अंदाजाचं आणि मीटरचं जुळत नाही हे त्याच्या दृष्टीनं नवीन नव्हतं. शनिवार गेला, रविवार गेला. नूरबी भाजी निवडायची, दूध तापवायची, मुलाचा, अजिमचा, फोन घ्यायची आणि मध्येच थांबायची, काहीतरी गॅसवर राहून गेल्यासारखी. आपल्या कामाचा अभिमान दुखावलाय, असं तिनं स्वतःला समजावलं. एकतीस वर्षं आणि शेवटी बारा खांब. कुणालाही लागेल. मग तिनं दुसऱ्या बाजूनं विचार केला: मुलांची गोळी बाजारात होतीच कुठे? सिरप यायचं ते दुसऱ्या औषधाचं. पुडी केली नसती तर त्या मुलांना काहीच मिळालं नसतं. हे खरं होतं, आणि वर्षालीही हेच म्हणाली असती. सोमवारी सकाळी चहा घेता घेता तिनं फॉर्मवर सही केली, तारीख घातली, फोटो काढून वर्षालीला पाठवला. वर्षालीचा उलट निरोप आला, हात जोडलेला. नूरबीनं कप विसळून पालथा घातला आणि उभी राहिली. आता हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. छातीत जे काही अडकलं होतं ते तिथंच होतं, आणि त्याचा फॉर्मशी काही संबंध नव्हता हे तिला ओट्यापाशी उभ्या उभ्या समजलं.

ते एक वाक्य होतं. शुक्रवारपासून ते तिच्या आसपास फिरत होतं आणि ती तोंड फिरवत होती. पिंकी म्हणून एक मुलगी होती, तीन वर्षांची, सांगवीहून यायची. तिची आई यशोदाबाई सडपातळ, हळू बोलणारी, लातूरकडची. एका सकाळी खिडकीत आली आणि म्हणाली, “मॅडम, ह्या पुड्या कमीजास्त वाटायलेत मला. एका पुडीनं झोपूनच राहती, एका पुडीनं फिट येती.” रांग मोठी होती. आदल्या आठवड्यातही तिनं हेच विचारलं होतं. नूरबीनं हातातलं पातं खाली न ठेवता म्हटलं, “औषध बरोबरच आहे. तुमच्याच हातून सांडत असेल. पुडी नीट उघडता येत नाही का तुम्हाला?” मोठ्यानं म्हटलं. मागच्या बायांनी यशोदाबाईकडे पाहिलं. यशोदाबाईनं पुड्या पदराच्या टोकात बांधल्या आणि ती गेली. पुढच्या वेळेपासून औषध न्यायला तिचा नवरा येऊ लागला, दौलतराव, कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होता. यायच्या आधी फोन करून विचारायचा, औषध आहे का. चार वर्षं तोच आला. पुढे पिंकी मोठी झाली, तिला अर्धी गोळी चालायला लागली, मग अख्खी; पुड्यांची गरज संपली आणि ती माणसंही दिसेनाशी झाली. आई का येत नाही असं नूरबीनं कधी विचारलं नव्हतं. नोकरी लागली असेल, दुसरं मूल झालं असेल. तिनं फोन उघडून नावं खाली सरकवली. तिची नावं ठेवायची पद्धत होती, आधी बाप, मग मूल, मग आजार. ‘दौलतराव पिंकी फिट’ अजून होतं. तिनं नंबर लावला तेव्हा तो बंद असेल अशी तिला जवळजवळ खात्री होती, आणि थोडी आशाही. पण दौलतरावानंच उचलला, आणि तिनं घराचा पत्ता विचारून घेतला.

सांगवीला ती दुपारी चारला पोचली. पिंपळे गुरवच्या बाजूनं रिक्षा आली तेव्हा नदीचा वास आला, मग तो गेला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, बाहेर गॅलरीत कोथिंबिरीच्या कुंड्या. दौलतराव आता थकला होता, उजव्या पायानं जपून चालत होता, पण त्यानं तिला लगेच ओळखलं. “मॅडम, तुमी आमच्या घरी. बसा, बसा. लई उपकार हायेत तुमचे. पोरगी धडधाकट झाली. चाकणला वायरिंगच्या कंपनीत जाती आता, फर्स्ट शिफ्ट. येईलच.” यशोदाबाई आतून पाणी घेऊन आली. केस पांढरे झाले होते, बाकी तशीच होती. तिनं नमस्कार केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली, बसली नाही. नूरबी पाणी प्यायली. रिक्षात तिनं सगळं जुळवून ठेवलं होतं, आधी कंपनीचं सांगायचं, मग गोळ्यांचं, मग आकडे. पण यशोदाबाई उभी होती आणि ती काही विचारत नव्हती, त्यामुळे ते सगळं लांबण लावल्यासारखं वाटायला लागलं.

“यशोदाबाई, तुम्ही मला एकदा म्हणाला होतात, पुड्या कमीजास्त वाटतात म्हणून. आठवतंय?”

“व्हय,” ती म्हणाली.

“त्या कमीजास्तच होत्या. आता मशीनवर तपासून घेतलं. माझ्याच हातच्या पुड्या. एकीत दीडपटीच्या जवळ, एकीत दोन तृतीयांशपण नाही. तुमच्या हातून काही सांडत नव्हतं. मी उगाच बोलले तुम्हाला, सगळ्यांसमोर. हे सांगायला आले.”

पंखा फिरत होता. दौलतरावानं बायकोकडे पाहिलं, मग नूरबीकडे, आणि हसल्यासारखं केलं. “अहो, जाऊ द्या मॅडम. कवाची गोष्ट.” यशोदाबाईनं पदर सारखा केला आणि नूरबीच्या समोर जमिनीवर बसली. “मला काय वाटायचं सांगू का,” ती म्हणाली. “मला वाटायचं सांडतंयच. तुमी म्हणल्यावर मी काळं फडकं अंथरायला लागले पुडी उघडताना. त्याच्यावर काय दिसायचं न्हाई. तरी वाटायचं, उडून जात असंल, माझ्या श्वासानं. मग मी श्वास धरायचे. आठ दिवस असं केलं. नवव्या दिवशी फिट आली, मोठी. तुमी बोलला त्या दिवशी ह्यांनी रजा काढली होती. रांगेत माझ्या मागंच होते. फिट आल्यावर ह्यांनी डबा वर ठेवून दिला, फळीवर. म्हणले, आता तू हात लावायचा न्हाई. मी देईन.”

“तुलाच सोपं जावं म्हणून,” दौलतराव म्हणाला.

“चार वर्षं,” यशोदाबाई म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, नूरबीकडेही नाही. “फर्स्ट शिफ्टला पहाटं पाचला निघायचे, तर झोपेतनं उठवून द्यायचे, आन् परत चारला, घरी आल्यावर. सेकंडला असले की सकाळी नऊला, आन् मग रात्री कामावरनं आल्यावर, एक वाजता. पोरगी वाट बघत झोपून जायची. माझ्या हाताशी डबा असायचा. फळी काय उंच नव्हती.”

नूरबी ऐकत होती आणि तिच्या डोक्यात घड्याळाचे काटे आपोआप फिरायला लागले. सकाळ-संध्याकाळ, बारा तासांनी द्यायचं औषध. एका आठवड्यात पाच आणि चार, दुसऱ्या आठवड्यात नऊ आणि एक. शिफ्ट बदलायची त्या दिवशी मध्ये किती तास गेले असतील? पिंकीच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेलं तिला आठवलं, मधले काही दिवस बरे, मग पुन्हा झटके, कारण स्पष्ट नाही. डोस वाढवला होता, मग कमी केला होता. कारण स्पष्ट नाही. पुड्यांमुळे जेवढा फरक पडला असेल त्याच्याहून ह्या वेळांमुळे जास्त पडला असेल, कदाचित; कुणी तपासणार नव्हतं, कुठलाही खांब उभा राहणार नव्हता. पुड्यांचं तरी तिला म्हणता येत होतं की दुसरा उपाय नव्हता, साधन नव्हतं, गोळी नव्हती. वाक्याचं तसं म्हणता येत नव्हतं. ते वाक्य न बोलायला काहीच लागलं नसतं. दौलतराव गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला अजून एवढंच कळलंय, बायको दुखावली होती. वेळांचं त्याला माहीत नव्हतं. चार वर्षं तो पहाटे उठला होता, दमून आल्यावरही आधी पोरीपाशी गेला होता. आपण बाप म्हणून काय केलं असं कुणी विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. नूरबीच्या तोंडापर्यंत आलेलं तिनं गिळलं. एका माणसाच्या डोक्यावरचं उतरवून लगेच दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला ती आली नव्हती. हे तिच्याकडेच राहील, ती घरी घेऊन जाईल, आणि वर्षालीला मात्र सांगेल की वेळेबद्दल कागदावर मोठ्या अक्षरात लिही, आणि देणारं माणूस कुणीही असलं तरी चालेल असंही लिही.

“म्हणजे मी उगाच...” दौलतराव म्हणाला.

“तुम्ही माझं ऐकून केलंत,” नूरबी म्हणाली. “चूक माझी आहे.”

ती उठायला लागली तेव्हा यशोदाबाई म्हणाली, “बसा. चहा टाकते.” ती आत गेली, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, कपबश्यांचा आला, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. दौलतराव आणि नूरबी गॅलरीकडे बघत बसले. त्यानं विचारलं, त्या नव्या गोळ्या कधी मिळायला लागणार. दोन-तीन वर्षं तरी जातील, ती म्हणाली, त्यानंतरही सगळीकडे पोचायला वेळ लागेल. “तवर?” “तोवर पुड्याच.” यशोदाबाई ट्रे घेऊन आली. तिचे डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता, आणि तिनं आधी कप नूरबीला दिला, मग नवऱ्याला, साखर बेताची घातलीय असं सांगून.

जिन्यात पावलं वाजली. पिंकी आली, उंच, कंपनीचा निळा शर्ट, पाठीला सॅक. अनोळखी बाई बघून दारातच थांबली आणि चपला काढता काढता तिनं आईकडे प्रश्नार्थक पाहिलं. दौलतराव काहीतरी सांगायला गेला, पण यशोदाबाईनं हात किंचित वर केला.

“ह्या नूरबी मॅडम,” ती म्हणाली. “तू बारकी होतीस तवा तुझं औषध ह्या करायच्या. आन् तुला द्यायचे तुझे पप्पा.”

“हो, ते माहितेय मला,” पिंकी म्हणाली. “काय झालं?”

“काय न्हाई. मॅडम सांगायला आल्यात,” यशोदाबाई म्हणाली, “की मला पण देता आलं असतं.”

पिंकीनं सॅक खाली ठेवली. तिला अजून काही समजलं नव्हतं. पण ती आईजवळ जाऊन बसली, अगदी खेटून.